त्रुहियो गेला, 'बाबा' राहिले

ठसका: काल इथे कोणीतरी लिहिलं, "डॉमिनिकन रिपब्लिकमधला मर्दानगीचा माज तिथला हुकूमशहा त्रुहियो याने आणला. 1961 ला त्याला गोळ्या घातल्या, विषय संपला." वाचल्यापासून डोकं फिरलंय. संपला कसा? 2012 च्या निवडणुकीला माजी राष्ट्राध्यक्ष इपोलितो मेहिया उभा राहिला तेव्हा घोषणा काय होती? 'येगो पापा'. बाबा आले! म्हणजे देश हे घर आणि मतदार पोरंटोरं. त्रुहियोने राजधानीला स्वतःचं नाव दिलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्या पोराला कर्नल केलं, लोकांच्या बायका-मुली आपल्याच समजला. तिकडे 'तिगेरे' म्हणतात ना, फाटक्या खिशातून वर आलेला, बायकांत मिरवणारा चलाख गडी? तोच खुर्चीवर बसला की गल्लीतली पोरं दुसरं काय शिकणार?

अण्णा_सदाशिव: ते वाक्य माझंच. मेहिया 2012 ला हरला, हे बरं विसरलात. शिवाय 2000 ला त्याच्याच सोबत देशाला पहिली महिला उपराष्ट्राध्यक्ष मिळाली, मिलाग्रोस ऑर्तिस बॉश. बायकांना मताचा हक्क मिळाला 1942 ला, तोही त्रुहियोच्याच राज्यात.

ठसका: मत द्यायचं कोणाला? उमेदवार एकच! आणि 25 नोव्हेंबर 1960 ला त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल बहिणींना मारून जीप दरीत ढकलली, अपघात म्हणून दाखवला, तो कुठला हक्क?

खवचट: तुमच्या सिद्धांतात त्रुहियोनंतर राज्य करणारा बालागेर कुठे बसतो? आजन्म अविवाहित, बहिणींसोबत राहणारा, कविता करणारा, किरकोळ अंगाचा. म्हातारपणी दृष्टी गेली तरी 1996 पर्यंत राष्ट्राध्यक्ष. 1966 ला प्रांतांच्या गव्हर्नर म्हणून बायका नेमल्या. कसला तिगेरे?

ठसका: त्या पदाला अधिकार किती, ते बघा आधी. आणि मर्दानगी म्हणजे नुसते दंड नव्हेत हो. शेवटचा शब्द माझा, बाकीच्यांनी गप्प बसायचं, हीच ती. त्याची 1966 ते 78 ही बारा वर्षं विरोधकांच्या घरच्यांना विचारा.

खवचट: मग प्रत्येक हुकूमशहा मर्द आणि प्रत्येक मर्द हुकूमशहा. छान. व्याख्या रबराची आहे का?

ठसका: तुम्हाला वादच घालायचाय.

खवचट: चर्चेच्या धाग्यावर आणखी काय करतात, भजन?

नर्सबाई_न्यूयॉर्क: भांडा निवांत. मी न्यूयॉर्कमधल्या डॉमिनिकन वस्तीत, वॉशिंग्टन हाइट्सला नऊ वर्षं राहिले. आमच्या बिल्डिंगखाली एक डॉमिनिकन आजोबा डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटायचे की खिडकी हलायची. बायको दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढायची, हे मान वर करत नसत. म्हणायचे, "त्रुहियोच्या वेळी दार उघडं टाकून झोपायचो." एकदा आजी जिन्यातूनच ओरडल्या, "तू झोपायचास! माझी बहीण तरुण होती, आई दाराला खाट लावायची." आजोबांनी पुढची सोंगटी हळू ठेवली.

अण्णा_सदाशिव: एका आजीवरून देशाचा इतिहास?

नर्सबाई_न्यूयॉर्क: तुमचा कशावरून होता, अण्णा?

ठसका: 😂 आणि 2010 च्या घटनेत गर्भधारणेपासून जीवनाचा हक्क कोणी घातला? तेव्हा त्रुहियो जाऊन पन्नास वर्षं होत आली होती.

अण्णा_सदाशिव: बरं बाई. 'विषय संपला' एवढे दोन शब्द मागे घेतो. त्याहून जास्त एक अक्षर नाही.

खवचट: बालागेरचं उत्तर अजून आलेलं नाही.