अनुभव धागा : वस्तू आपली, डाव गिऱ्हाइकाचा

मागच्या महिन्यात मी माझा कॅमेरा ऑनलाइन विकायला काढला. कॅमेरा गेला, पैसे आलेच नाहीत. घरी सांगायला मला दोन दिवस लागले. विकत घेताना फसलेला माणूस निदान तावातावाने बोलतो तरी. विकताना फसलेला गप्प बसतो, कारण "वस्तू तुझ्याच हातात होती ना, मग दिलीस कशाला?" हा प्रश्न त्याला आधीच ऐकू येत असतो. म्हणून हा धागा काढते आहे. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, गेमिंग कन्सोल, जे काही विकलं असेल त्यात समोरच्याने काय डाव टाकला, तुम्ही कसे सुटलात किंवा कुठे अडकलात, ते मोकळेपणाने लिहा. कुणाचं नाव किंवा नंबर नको. डाव कसा रचला होता ते मात्र बारकाईने सांगा, वाचणाऱ्याच्या उपयोगी तेच पडतं.

माझं आधी सांगते. गिऱ्हाईक बोलायला अगदी सभ्य होतं. शटर किती वेळा उडालंय ते विचारलं, लेन्समध्ये बुरशी आहे का ते विचारलं. मला वाटलं, जाणकार आहे. घासाघीस अजिबात केली नाही. "पैसे पाठवले" म्हणाला आणि पाच मिनिटांत मला ईमेल आला. लोगो, रंग, व्यवहार क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. खाली लिहिलं होतं, 'रक्कम सुरक्षित ठेवली आहे, पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक कळवताच ती आपल्या खात्यात दिसेल.' मी त्याच दिवशी कुरिअर केलं आणि क्रमांक कळवला. नंतर नीट पाहिलं तेव्हा कळलं, पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कंपनीचं नाव होतं, पण ईमेलचा पत्ता कुणालाही फुकट काढता येतो तसला होता. हा डाव पटतो, कारण काही पेमेंट सेवा नव्या विक्रेत्याची रक्कम खरोखरच काही दिवस रोखून ठेवतात. पण तशी रोखलेली रक्कमसुद्धा आपल्या खात्यात 'रोखलेली' म्हणून दिसते. माझ्या खात्यात काहीच नव्हतं. मी ईमेल वाचला, खातं उघडलं नाही.

बिनतारी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्याकडे स्पीकर न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलचा पडदा दाखवला. हिरवी खूण, रक्कम, वेळ, माझं नाव. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, "माझ्या खात्यात दिसू दे, तोवर थांबू." तो "सर्व्हर डाऊन आहे" म्हणाला, मग "मला ट्रेन गाठायचीय" म्हणाला. वीस मिनिटांनी फोनवर बोलत बोलत बाहेर गेला तो परत आलाच नाही. त्याच्या पडद्यावर काय आहे ते बघायचंच नाही, आपलं खातं बघायचं. मेसेजवरही जाऊ नका, मेसेजही बनवता येतो.

काजवा

आमच्या बाबांचा किस्सा. जुना लॅपटॉप विकायचा होता. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवला आणि सांगितलं, "काका, हा स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील." आधी अगदी किरकोळ रक्कम खरोखर पाठवली होती, विश्वास बसावा म्हणून. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा सावरत पिन टाकत होते. तीन आकडे टाकून झाले होते, अंगठा चौथ्यावर होता, तेवढ्यात माझं लक्ष गेलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, 'देय रक्कम'. बाबांनी ते वाचलंच नव्हतं, कारण फोनवरचा माणूस एकसारखा बोलत होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे मी त्यांच्या मोबाइलच्या कव्हरच्या आत कागदावर लिहून ठेवलंय.

सांजवात

माझं छोटंसंच आहे. हेडफोनची जाहिरात टाकली तर एकीने लिहिलं, "तुम्ही खऱ्या विक्रेत्या आहात ना, खात्री करायला एक सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा." तो कोड माझ्याच खात्यात शिरण्याचा होता. मी सांगितला. पुढचे दोन दिवस माझ्या नावाने, माझ्या चांगल्या शेऱ्यांच्या जोरावर, तिने भलत्याच वस्तूंच्या जाहिराती टाकल्या आणि लोक मला जाब विचारत राहिले. खातं परत मिळालं, पण ज्यांचे पैसे गेले त्यांचा विचार अजून मनातून जात नाही.

दिवाभीत

पैसे आले की संपलं, असं समजू नका. माझा घोळ त्यानंतर सुरू झाला.

मोबाइल विकला, पैसे आले, पार्सल पोचलं. चार दिवसांनी तक्रार आली, "फोन सुरू होत नाही, परत घ्या." नियमाप्रमाणे परत घ्यावा लागला. खोक्यात फोन होता, त्याच रंगाचा, त्याच मॉडेलचा. पण माझ्या फोनच्या खालच्या कोपऱ्यात, चार्जिंगच्या भोकाशेजारी, तांदळाएवढा टवका उडालेला होता. या फोनला तो नव्हता. सिमच्या ट्रेवरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, पाहिला तर तोही वेगळा. स्वतःचा बिघडलेला फोन त्याने माझ्या गळ्यात मारला होता.

मी वाचलो ते दोन गोष्टींमुळे. पाठवण्याआधी *#०६# दाबून पडद्यावर आलेला पंधरा आकडी आयएमईआय मी व्हिडिओत घेतला होता, आणि तोच व्हिडिओ न थांबवता फोन खोक्यात ठेवणं, चिकटपट्टी मारणं, पत्त्याचं लेबल लावणं, सगळं टिपलं होतं. मधे कापलेला व्हिडिओ असता तर समोरच्याने "नंतर बदलला" म्हटलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेलं पार्सल मी कुरिअरवाल्यासमोर, कॅमेरा चालू ठेवूनच उघडलं. तरीही निकाल लागायला तीन आठवडे गेले आणि त्या काळात माझे पैसे अडकून होते. जाहिरातीत आयएमईआय उघडा टाकू नका बरं, तो दुसऱ्याच्या हाती लागला की तुमचा फोन स्वतःचा म्हणून दाखवायला वापरता येतो. फोटोत झाका, तुमच्याकडे नोंदवून ठेवा.

पाऊलखुणा

दिवाभीत, अगदी हेच, पण माझ्या लॅपटॉपचं. लॅपटॉप माझाच परत आला, अनुक्रमांकही तोच. आतली रॅम (मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवण्याचा भाग) मात्र बदललेली. मोठी काढून लहान बसवली होती. मी दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून मागचे स्क्रू हातात घेतल्याबरोबर कळलं, दोन स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा झिजल्या होत्या. घाईत चुकीच्या मापाचा पेचकस फिरवला की तसं होतं. पण आधीचा फोटो नव्हता, त्यामुळे सिद्ध काहीच करता आलं नाही.

तेव्हापासून विकण्याआधी मागचं झाकण उघडून आतल्या प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढतो. स्क्रूवर अतिनील शाईच्या पेनाने ठिपका देतो. साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकतो. आणि कुरिअरच्या पावतीवरचं वजन जपून ठेवा. माझ्या मित्राला "खोक्यात वीट निघाली" अशी तक्रार आली होती. पाठवतानाचं आणि पोचल्यावरचं वजन सारखंच निघालं आणि ते लॅपटॉप, चार्जर, खोकं यांच्या बेरजेशी तंतोतंत जुळत होतं. तेवढ्यावर तक्रार निकालात निघाली.

रानवाट

मी टीव्ही विकत होतो तेव्हा गिऱ्हाइकाने मला चेक पाठवला होता, ठरलेल्या किमतीपेक्षा बराच जास्त. "चुकून जास्त लिहिला गेला, वरचे पैसे माझ्या वाहतूकवाल्याला पाठवा, तोच वस्तू न्यायला येईल." बँकेत रक्कम जमा दिसली. मी वरचे पैसे पाठवले. चेक खोटा असल्याचं बँकेला नंतर कळलं आणि पूर्ण रक्कम माझ्या खात्यातून वजा झाली. चेकची रक्कम दिसणं म्हणजे चेक वटणं नव्हे, हे मला बँकेच्या काउंटरवर उभं राहून कळलं. नशीब की टीव्ही अजून घरातच होता. जास्त पैसे पाठवून "परत करा" म्हणणारा कुणीही असो, परत काही पाठवायचं नाही. सगळा व्यवहार रद्द करायचा आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने बँकेकडून जाऊ द्यायचे.

गारवा

वाचते आहे दोन दिवस. माझ्या बाबतीत जे झालं ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी गेमिंग कन्सोल विकत होते. गिऱ्हाईक म्हणाला, "पैसे आत्ता पाठवतो, संध्याकाळी माझा भाऊ येऊन घेऊन जाईल." पैसे आले. खोटा मेसेज नाही, ईमेल नाही, मी स्वतः खातं उघडून पाहिलं, पूर्ण रक्कम जमा. संध्याकाळी एक तरुण आला, कन्सोल चालू करून पाहिला, दोन्ही कंट्रोलर तपासले, आभार मानून गेला. माझ्या मते व्यवहार सरळ झाला.

आठवड्याने एका अनोळखी बाईंचा फोन आला. रडत होत्या. "माझा मोबाइल कधी पाठवताय?" मला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला. त्याच भामट्याने दुसरीकडे एका मोबाइलची जाहिरात टाकली होती, किंमत माझ्या कन्सोलएवढीच लावली होती. बाईंनी घ्यायचं कबूल केल्यावर त्याने पैसे पाठवायला माझा खाते क्रमांक दिला. म्हणजे पैसे बाईंचे, वस्तू माझी आणि दोन्ही घेऊन पसार झालेला तो. बाईंनी तक्रार केली ती साहजिकच माझ्याविरुद्ध, कारण पैसे माझ्या खात्यात आलेले. माझं खातं गोठवलं गेलं. पगार त्याच खात्यात येतो.

मला चौकशीला जावं लागलं. माझ्याकडे गिऱ्हाइकाशी झालेलं संभाषण पूर्ण होतं, जाहिरात होती, कन्सोलची मूळ पावती होती. माझी बाजू मांडता आली ती त्यामुळेच. पण मी एक गोष्ट पाहिली नाही. पैसे पाठवणाऱ्याचं नाव खात्यात दिसत होतं, एका बाईचं. गिऱ्हाइकाचं नाव वेगळं आणि न्यायला आलेला तिसराच. तीन माणसं, तीन नावं, आणि मी नुसता आकडा पाहिला. आता मी आधीच सांगते, ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच खात्यातून पैसे हवेत, आणि शेऱ्याच्या जागी वस्तूचं नाव लिहून पाठवा. 'कन्सोलसाठी' एवढं त्या बाईंना लिहायला सांगितलं असतं तरी त्या तिथेच थबकल्या असत्या.

त्या बाईंशी मी अजून बोलते कधीकधी. त्यांचे पैसे परत मिळालेले नाहीत.

बिनतारी

गारवा, वाचून सुन्न झालो. मी "आपलं खातं बघा" एवढंच लिहिलं होतं, ते अपुरं आहे. नावही बघायला हवं.

कोरी पाटी

माझा फोन भेटीतच गेला. गर्दीच्या ठिकाणी भेटलो होतो, गिऱ्हाईक फोन उलटसुलट करून बघत होता, आणि क्षणात पळाला. गर्दी असली म्हणजे सुरक्षित असं नव्हे, गर्दीत पळणाऱ्यालाही लपायला जागा मिळते. आता मी पोलीस चौकीच्या आवारात नाहीतर बँकेत भेटतो. ज्याला तिथे यायचं नसतं तो आपोआप गळतो.

पण मुद्दा पुढचा आहे. फोनवर माझं खातं चालू होतं. आयफोनला २०१३ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडलाही २०१५ च्या सुमारास तशीच सोय आली. मालकाचा पासवर्ड मिळाल्याशिवाय चोराला फोन पुसूनही वापरता येत नाही. दोन आठवड्यांनी मला मेसेज आला, 'आपला हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी येथे लॉगिन करा.' पान हुबेहूब होतं. आनंदाने मी पासवर्ड अर्धा टाकलाही, मग वर पत्त्यात पाहिलं तर नावात एक अक्षर जास्त. त्यांना माझा पासवर्ड हवा होता, लॉक काढायला. म्हणून फोन विकताना खातं काढून टाकायचं ते पैसे हाती पडल्यावरच, समोरासमोर. भेटायला जाण्याआधी नाही.

रानवाट

एक विचारायचं होतं. पैसे कार्डाने किंवा ऑनलाइन पाकिटातून आले तर किती दिवस धाकधूक ठेवायची?

दिवाभीत

पेपॅल या ऑनलाइन पाकिटावर गिऱ्हाइकाला तक्रार करायला १८० दिवस असतात. कार्डाचा व्यवहार उलटवायला व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी १२० दिवस. म्हणून तो व्हिडिओ, पावती, संभाषण सहा महिने तरी पुसू नका. मोबाइलची जागा भरली की आपण आधी व्हिडिओच पुसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. गारवाताई, तुमचं लिहिणं वाचून लगेच उपयोगी पडलं. माझा टॅबलेट विकायचाय. काल एकाचा निरोप आला, "पैसे लगेच पाठवतो, संध्याकाळी भाऊ येईल." शब्द जवळजवळ तेच. मी एवढंच लिहिलं, "पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून येतील ना? शेऱ्यात टॅबलेट असं लिहा." निरोप वाचल्याची खूण दिसते आहे, उत्तर नाही. टॅबलेट कपाटातच आहे.