प्रतिसाद : रोजनिशीत न लिहिलेलं

"एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या बायकांच्या रोजनिश्यांत पाऊस, चिखल आणि बैल याशिवाय असतं काय?" असं कुणीतरी विचारलंय. अमेलिया स्ट्युअर्ट नाइटचं उदाहरण देतो. एप्रिल १८५३ मध्ये नवरा आणि सात मुलांसह ही बाई अमेरिकेच्या मध्यभागातल्या आयोवातून पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनकडे निघाली. बैलगाड्यांचा प्रवास, पाच महिन्यांहून जास्त. रोजनिशीत खरोखरच पाऊस, चिखल, मेलेले बैल, ओले कपडे. धाकटा चॅट गाडीखाली येता येता वाचला, तेही दोन-चार ओळींत उरकलंय. एकदा मुलगी ल्यूसी नदीकाठी मागेच राहिली. प्रत्येकाला वाटलं, ती दुसऱ्या गाडीत असेल! मागून येणाऱ्या तांड्याने आणली म्हणून सापडली.

आणि सप्टेंबरात, अगदी शेवटी, वाचणारा दचकतो: आठवं मूल झालं. म्हणजे सगळी वाट बाई गरोदर होती, पण आधी तसा सरळ उल्लेख कुठेच नाही. तेव्हाच्या रीतीला ते लिहिणं पटणारं नव्हतं. बाळंतीण काही दिवसांची असतानाच कोलंबिया नदी ओलांडली. पलीकडे दोन बैलजोड्या देऊन जमीन घेतली, त्यावर थोडे बटाटे लावलेले आणि बिनखिडक्यांची एक ओंडक्यांची झोपडी.

जाता जाता: वाटेतल्या प्लॅट नदीच्या खोऱ्यात झाडं नव्हती, त्यामुळे चुलीला बायका-मुलं बायसनचं (अमेरिकेतल्या रानगव्यांचं) वाळलेलं शेण गोळा करत. आपल्या रानशेणीच की!