पापण्यांच्या ऑपरेशननंतर परत इंजेक्शन लागलं, म्हणजे फुकट गेलं का?

शेंगाचटणी:
काल इथं कुणीतरी लिहिलं की डोळे आपोआप गच्च मिटतात त्या आजारावरचं (ब्लेफरोस्पाझम) ऑपरेशन म्हणजे पैसे पाण्यात, स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन परत घ्यावंच लागतं. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझे काका कापड विणायच्या मागावर कामाला होते. बोटांनी पापण्या वर धरून चालायचे, मागावर उभं राहणं तर बंदच झालं. सहा वर्षं इंजेक्शनं घेतली, आधी तीन महिने टिकायचं, मग दीड महिन्यातच परत सुरू. शेवटी मायेक्टमी केली, डोळा मिटवणारा स्नायू काढतात ती. नऊ वर्षं झाली, इंजेक्शन अजून लागतं, पण वर्षातून दोनदा. एकटे बाळीवेशीत भाजीला जातात. हे फुकट?

होटगीरोड:
मीच लिहिलंय ते आणि परत लिहीन. आईचं केलं, कपाळ अजून बधिर, पापण्यांची सूज सात-आठ महिने, डोळे पूर्ण मिटत नाहीत म्हणून रात्री मलम. मूळ दोष मेंदूत, स्नायू कापून तो जातो का? अमेरिकेत १९८९ पासून याच आजाराला बोटॉक्स मान्य आहे, आधी तेच नीट डोसनं द्या.

बाळीवेस:
ऑपरेशनचं राहू द्या, आजार ओळखतं कोण? बहिणीला घरच्या बायकांनी चार वर्षं 'बाईचा डावा डोळा लवला की चांगलं असतं' हेच ऐकवलं, मग दृष्ट काढली, मग म्हणे टेन्शन घेते.

होटगीरोड:
एकाच बाजूला, गालही ओढतो का? मग तो हेमीफेशियल स्पाझम, त्यात रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते, ऑपरेशनही कवटीतलं. दोन्ही मिसळू नका.

बाळीवेस:
डॉक्टर हाय का बे तू? डाव्यापासून सुरू झालं एवढंच, आता दोन्ही मिटतात! चार वर्षं गेली ती कोण देणार?

कडकभाकरी:
घरच्या बायकांना बोल लावू नका. आमच्या वडलांना तर दवाखान्यातच 'लक्ष देऊ नका' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, रस्ता ओलांडताना रिक्षाखाली येता येता वाचले.

शेंगाचटणी:
होटगीरोड, बधिरपणाचं खरंय, काकांचंही कपाळ बधिर आहे, मी लिहायला पाहिजे होतं. पण आईचे डोळे आता उघडे राहतात का, एवढं सांगा.

होटगीरोड:
राहतात. पोथी वाचते. इंजेक्शन अडीच महिन्यांनी लागायचं ते आता पाचव्या महिन्यात. पण ते सुटणार नाही हे ऑपरेशनच्या आधी एकानं तरी सांगायचं होतं, आम्ही सुटेल म्हणूनच सही केली होती.