मदत हवी आहे: बाबांची अणुकराराची कात्रणं आणि समासातल्या नोंदी

पालघरकरीण

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. मी कॉमर्सवाली, माझा दिवस टॅली आणि जीएसटीत जातो. अणू, युरेनियम वगैरेशी संबंध एवढाच की लहानपण बोईसरच्या कॉलनीत गेलं. बाबा तारापूर अणुवीज केंद्रात पहिल्या दोन युनिटवर तंत्रज्ञ होते, २००४ ला निवृत्त झाले. मागच्या श्रावणात गेले.

माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत एक जाडजूड फाइल सापडली. वर निळ्या बॉलपेनने 'अणुकरार', म्हणजे तो भारत-अमेरिका अणुकरार. आत जुलै २००५ ते ऑक्टोबर २००८ मधली कात्रणं, मराठी-इंग्रजी दोन्ही, सव्वाशेच्या वर. प्रत्येकावर तारीख आणि समासात बारीक अक्षरात शेरे. आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले, आम्ही ठेवून घेतो, पण सोबत दोन पानी टिपण द्या, नाहीतर दहा वर्षांनी कुणाला काही कळायचं नाही. इथेच घोडं अडलंय.

दादा म्हणतो, बाबा कराराच्या बाजूचे होते. माझं मत उलटं. २२ जुलै २००८ ला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू होती, आम्ही सगळे टीव्हीसमोर. नोटांची बंडलं बाहेर आली तेव्हा आई ओरडली, "अहो, बघा तरी!" बाबा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "ते सोड. ५.६ वर कोणी बोललं का?" आम्हाला वाटलं, भूकंपाबद्दल विचारतायत.

न कळलेले शेरे देते:

एक, कराराचा मसुदा ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर झाला त्याची प्रिंट आहे. त्यात कलम ५.६ खाली दोन रेघा आणि 'हे ७४ लक्षात ठेवून लिहिलंय. बरं केलं.' त्याच्याच खाली वेगळ्या पेनाने 'हाइडबुवा काय म्हणतात?'

दोन, '१४/२२. आमचे १-२ आत, ३-४ बाहेर. कुंपण कुठून घालणार?'

तीन, 'तळ्यातलं काय?' हा शेरा तर चार ठिकाणी आहे. आमच्या क्वार्टरजवळ तळं नव्हतं हो.

शिवाय डावे आणि भाजप एकाच गोष्टीला विरोध करत होते हे त्या वेळी कळलं नाही, आजही कळत नाही. कुणी शाळकरी पोराला सांगावं तसं सांगाल का?

चहाटळ

वाचनखूण साधली. ५.६ आणि शेंगा वाचून हसलो, राग मानू नका. बाबा भारी होते.

जुना_पाळीवाला

ताई, मी गुजरातेतल्या काकरापार अणुवीज केंद्राचा, तुमच्या बाबांच्या बराच नंतरचा. पण तारापूरची ही गोष्ट आम्हाला रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच ऐकवायचे.

७४ म्हणजे पोखरण, मे १९७४. त्याआधीचं असं, की १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला होता, तीस वर्षांचा. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, १९६९ पासून चालू. त्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते अमेरिकेने द्यायचं असं करारातच लिहिलेलं. आपण स्फोट केला आणि तिकडे वारं फिरलं. लोक म्हणतात ७४ ला इंधन बंद झालं, तसं नाही. नळ एकदम बंद नाही झाला, थेंब थेंब करत झाला. १९७८ मध्ये तिथे नवा कायदा आला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन नाही. जुन्या कराराला नवा कायदा आडवा आला. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करायचं ठरलं, पुढे चीनने दिलं, मग रशियाने. चीनने दिलेल्या इंधनावर मुंबईचे पंखे फिरलेत, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

तुमच्या बाबांनी नोकरीची निम्मी वर्षं 'पुढचं इंधन कुठून' हे ऐकत काढली असणार. म्हणून ५.६.

'तळ्यातलं' म्हणजे वापरून झालेलं इंधन. अणुभट्टीतून काढल्यावर ते वर्षानुवर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. आम्ही सरळ इंग्रजीतलं 'पूल' म्हणायचो, बाबांनी त्याचं तळं केलेलं दिसतंय. तारापूरच्या हौदातल्या इंधनाचं भांडण खास होतं. त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम काढायला अमेरिकेचा होकार हवा, तो त्यांनी कधी दिला नाही आणि माल परतही नेला नाही. प्लांट आपला, हौद आपला, राखण आपली, आणि कुलपाची किल्ली वॉशिंग्टनला. म्हणूनच २००७ च्या वाटाघाटीत आपल्या अणुखात्याने पुनर्प्रक्रियेचा हक्क सोडायला साफ नकार दिला. तो कलम ६ मध्ये तत्त्वतः मिळाला, पण त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प बांधायचा आणि पद्धत मागाहून ठरवायची या अटीवर. ती पद्धत ठरायला २०१० उजाडलं.

कलमकसाई

वर पाळीवाल्यांनी पाया घातलाच आहे, मी कागदाचं सांगतो. वकील आहे, पण फी घेत नाही, घाबरू नका.

या कराराला '१२३ करार' म्हणतात, ते नाव अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या १२३ व्या कलमावरून आलंय. दुसऱ्या देशाशी नागरी अणुसहकार्य करायचं तर त्या कलमाखाली करार करावा लागतो. भारत अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नाही आणि चाचण्या केलेल्या, म्हणून त्यांच्या कायद्यातून आधी सूट हवी होती. ती देणारा कायदा डिसेंबर २००६ चा. त्याला हेन्री हाइड या खासदाराचं नाव आहे. हेच तुमचे हाइडबुवा.

आता मेख. कलम ५.६ म्हणतं, अमेरिका इंधनाचा भरवसा देईल, अणुभट्ट्यांच्या आयुष्यभर पुरेल असा साठा करायला भारताला मदत करेल, आणि तरीही पुरवठा तुटलाच तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा मित्रदेशांना बोलावून तो पूर्ववत करायचा प्रयत्न करेल. वाचायला सुरेख. तारापूरच्या जखमेवर बरोब्बर बोट ठेवून लिहिलेलं. पण हाइड कायद्यानुसार भारताने चाचणी केली की दिलेली सूट संपते. शिवाय इंधनाचा साठा 'वाजवी गरजेपुरता' असावा, असं त्यांचं धोरण त्याच कायद्यात लिहिलेलं. करारात मात्र चाचणी हा शब्दच नाही. दोन्ही बाजूंनी तो जाणूनबुजून गाळला, म्हणजे दिल्लीत सांगता येतं 'आम्ही काही कबूल केलं नाही' आणि वॉशिंग्टनमध्ये सांगता येतं 'आमचा कायदा आहेच'. माझ्या मते हा कराराचा दोष नाही, हेच त्याचं कौशल्य. सह्या त्यामुळेच झाल्या.

बिंग फुटलं २ सप्टेंबर २००८ ला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने खासदारांच्या प्रश्नांना जानेवारीत दिलेली लेखी उत्तरं प्रसिद्ध झाली. त्यात होतं की इंधनाची हमी ही चाचणीच्या परिणामांपासून वाचवणारी ढाल नव्हे. पुढच्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकी काँग्रेसला कळवलं की ही आश्वासनं राजकीय आहेत, कायद्याने बांधणारी नाहीत. २ सप्टेंबरनंतरच्या कात्रणांवर काय शेरे आहेत, ताई? मला उत्सुकता आहे.

जुना_कार्यकर्ता

डावे-भाजप कोडं मी सोडवतो, तेव्हा मोर्चात होतो. कुठल्या ते विचारू नका.

भाजपचं म्हणणं: पुढे गरज पडली तर चाचणी करायचा हक्क बांधला जातोय, आम्ही आलो तर फेरवाटाघाटी करू. गंमत अशी की अमेरिकेशी जवळीक वाजपेयींच्याच काळात सुरू झाली होती. डाव्यांना चाचणीशी घेणंदेणं कमी. त्यांचा राग अमेरिकेच्या गोटात जाण्यावर. हाइड कायद्यात इराणचा उल्लेख होता, आणि भारताने सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरोधात मत दिलं होतं. माकपचे प्रकाश करात त्यावरच बोट ठेवायचे. म्हणजे एकाला बॉम्बची काळजी, दुसऱ्याला परराष्ट्र धोरणाची. वाट वेगळी, मुक्काम एक.

तिसरा गट होता निवृत्त अणुशास्त्रज्ञांचा, त्याला टिपणात जागा द्याच. होमी सेठना, पी. के. अय्यंगार, ए. एन. प्रसाद वगैरे आठ जणांनी ऑगस्ट २००६ मध्ये जाहीर निवेदन काढलं होतं. अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदावर असलेले अनिल काकोडकरही त्याच वर्षी फेब्रुवारीत उघड बोलले, की फास्ट ब्रीडर, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी, नागरी (तपासणीखालच्या) यादीत घालायची नाही. सरकारी अध्यक्षाने वर्तमानपत्रात असं बोलणं तेव्हा केवढं गाजलं! ब्रीडर बाहेरच राहिली.

बाकी तुम्हाला ठाऊकच आहे. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला, समाजवादी पक्ष धावून आला, २७५ विरुद्ध २५६ ने सरकार तरलं. सोमनाथदांनी (चटर्जी) लोकसभेचं सभापतिपद सोडलं नाही म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना काढलं. त्या चर्चेत राहुल गांधींनी यवतमाळमधल्या एका गरीब घरातल्या अंधाराचा दाखला दिला होता. विदर्भातल्या लोडशेडिंगला थेट अणुभट्टीशी जोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

जुना_पाळीवाला

१४/२२ राहिलं. मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीला आले तेव्हा ठरलं, की बावीसपैकी चौदा अणुभट्ट्या २०१४ पर्यंत टप्प्याटप्प्याने आंतरराष्ट्रीय तपासणीखाली. तारापूर १-२ आधीपासूनच होत्या. त्याच आवारात उभ्या राहिलेल्या ३ आणि ४, स्वदेशी, प्रत्येकी ५४० मेगावॉट, त्या मात्र यादीबाहेर. एकाच आवारात दोन भट्ट्यांना व्हिएन्नाचे पाहुणे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस), दोघींना नाहीत. बाबांचा कुंपणाचा प्रश्न त्यावरच. नोकरी त्या आवारात काढलेल्या माणसालाच तो सुचणार.

राजापूरची_गंगा

सगळे दिल्ली-वॉशिंग्टन करताय म्हणून मध्ये बोलते. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापाराची सूट दिली आणि दरवाजा फक्त अमेरिकेला उघडला नाही. आमच्या दारात फ्रान्स आला. जैतापूरला सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉट. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल इथली जमीन गेली, साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी मोर्चे काढले, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात माणूस गेला. त्या तीन वर्षांच्या चर्चेत कातळावर राहणाऱ्याला कुणी विचारलं होतं? ५.६ वर बोलले, १४/२२ वर बोलले. अपघात झाला तर भरपाई कोण देणार हा प्रश्न संसदेत नीट आला तो थेट २०१० च्या दायित्व कायद्याच्या वेळी.

कलमकसाई

गंगाताईंशी सहमत. आणि त्या कायद्यात पुरवठादारावर परत दावा लावायची वाट ठेवली म्हणून अमेरिकन कंपन्या बिचकल्या. ज्या कराराने सरकार पणाला लागलं त्यातून एकही अमेरिकन अणुभट्टी आजवर आपल्याकडे उभी राहिलेली नाही. खोदा पहाड.

जुना_पाळीवाला

वकीलसाहेब, उंदीर नाही निघाला. २००७-०८ मध्ये युरेनियमच नव्हतं, आमच्या भट्ट्या निम्म्या ताकदीवर ओढत होतो. सूट मिळाल्यावर फ्रान्स, रशिया, कझाकस्तान, पुढे कॅनडाहून युरेनियम आलं आणि भट्ट्या भरल्या ताटावर बसल्या. अमेरिकेने दिलं नसेल, पण अमेरिकेने अडवलेलं सुटलं. पाळीत उभं राहिलेल्याला हा फरक कळतो.

पालघरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा फाइल घेऊन बसले. आता शेरे बोलायला लागलेत.

कलमकसाई, तुम्ही विचारलेलं कात्रण आहे, ४ सप्टेंबर २००८. गणपतीचे दिवस, कोपऱ्यात कुंकवाचा डाग पडलाय. शेरा: 'मग ५.६ चा उपयोग काय? ६३ च्या करारातही लिहिलेलंच होतं.' तीन दिवसांनी, सूट मिळाल्याच्या बातमीवर, 'आता कुणाकडूनही घेता येईल. हे खरं काम झालं. एकाच दुकानात खातं नको.' आणि शेवटचं, ११ ऑक्टोबर, प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राइस हे दोघे परराष्ट्रमंत्री सह्या करतायत त्या फोटोखाली पुन्हा 'तळ्यातलं काय?'

दादाला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "म्हणजे पैज दोघंही हरलो." टिपणात बाजू लिहिणार नाही, शेरे जसेच्या तसे देते आणि पाळीवाल्या काकांनी सांगितलेला तळ्याचा अर्थ. गंगाताई, जैतापूरवर फाइलमध्ये काहीच नाही, ती २००८ ला संपते. पण टिपणात तसं लिहीन.

शनिवारी द्यायचंय. एक शेवटचं, विषयाला सोडून: बरीच कात्रणं घडीवर फाटलीत. चिकटपट्टी लावू का?

चहाटळ

अजिबात नको! काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते, आजोबांच्या पोथीची वाट मी अशीच लावलीय. टाचण्या असतील त्या आधी काढा, गंज लागतो. खिडकीच्या उजेडात सगळ्यांचे फोटो काढून ठेवा आणि सुटी कात्रणं तशीच पाकिटात घालून द्या. फाटकं फाटकंच राहू दे.