बागेत हॉल हवा की छप्पर?

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. शेजारच्या सार्वजनिक बागेत वर्षभर वापरता येईल अशी समाजवास्तू बांधायचा नगर परिषदेचा विचार आहे. आराखडा अजून ठरलेला नाही, सूचना मागवल्यात. आपण सोसायटीचं एकच पत्र देऊ. जे काय ते इथेच ग्रुपवर लिहा, आणि कृपया मधे सुप्रभात नको.

बी-२०४: एसी हॉल. बारशी, साखरपुडे, सगळं होईल. बाहेर भाडी काय झाल्येत माहित्ये ना?

सी-३०२ वहिनी: हॉल म्हटला की लग्नं आली. लग्नं आली की केटरर, खरकटं, मागून कुत्री. मग संध्याकाळी पोरांना बागेत कोण पाठवणार? रात्री दहानंतर स्पीकर बंद हा कायदा आहे, पण दहा वाजलेले कोणाला दिसतात?

बी-२०४: 😀 बरं, साखरपुडे राहू देत.

ए-१०१ काका: मी ओव्हरसियर म्हणून नोकरी केली, तेव्हा जरा लांबण लावतो. चालवून घ्या.

बारमाही म्हणजे चारी बाजू बंद करून यंत्रं लावणं नव्हे. आपल्याकडे कोकणात अडचण अशी की ज्या अंगाने पाऊस येतो त्याच अंगाने वारा हवा असतो. जून ते सप्टेंबर झड नैऋत्येकडून, पश्चिमेकडून. एप्रिल-मेमध्ये दुपारी समुद्राकडचा वारा पण तिकडूनच. तिथे पक्की भिंत घातलीत की मे महिन्यात भट्टी. मोकळी सोडलीत की आषाढात फरशीवर शेवाळ.

जुन्या घरांनी काय केलं? मिरगाच्या आधी पश्चिमेला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायची, पाऊस गेला की सोडायची. तेच इथे करा. पश्चिमेला खांबांना खाचा ठेवून काढता-घालता येतील अशा ताट्या. पूर्व आणि उत्तर कायम मोकळी. एका कोपऱ्यात जांभ्याची एकच बंद खोली, सतरंज्या आणि कपाटं ठेवायला.

ए-३०३: म्हणजे गोठा?

ए-१०१ काका: रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघून या. उतरती छपरं, भोवती व्हरांडे. ब्रह्मदेशच्या राजाला चाललं, आपल्याला चालेल.

सी-१०२: काका, मोठं छप्पर वाऱ्यात टिकेल का? निसर्ग वादळात (३ जून २०२०) दापोली-मंडणगडकडे पत्रे कुठल्या कुठे गेले. माझ्या माहेरच्या पडवीचा पत्रा आंब्यावर लटकत होता, तो काढायला गडीसुद्धा मिळेना.

ए-१०१ काका: एकदम बरोबर विचारलंत. पडवी उडते ती बाहेर आलेल्या छपराखाली वारा शिरून ते वर उचलतो म्हणून. त्यामुळे दोन गोष्टी पत्रात हव्यातच. एक, छप्पर दुपाखी नको, चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतरतं. उतार साधारण तीस अंश. सपाट छपराला वारा जास्त खेचतो. दुसरं, पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग जोडायचं नाही, खाली वेगळं बसवायचं. गेलंच तर पडवी जाईल, माथा राहील.

आणि स्लॅबवाले येतील, त्यांना सांगा, खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि पोपडे पडतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. साइटवर हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडी सरकवलेली मी डोळ्यांनी बघितल्ये. निविदेत लिहिलेलं नसेल तर ओरडून उपयोग नाही.

बी-३०१: पाण्याचं काय? बागेला मार्चपासून टँकर. पाऊस अडीच-तीन हजार मिमी आणि उन्हाळ्यात घागर रिकामी!

ए-१०१ काका: २०० चौरस मीटर छप्पर आणि तीन हजार मिमी पाऊस धरा, तर सहा लाख लिटर पडतं.

बी-३०१: मग बागेतल्या विहिरीत सोडू या!

ए-१०१ काका: जांभ्यात पाणी थांबत नाही हो, उताराने निसटून जातं. मेपर्यंत पुरवायचं तर बंद टाकीच. सहा लाखांची टाकी परवडायची नाही. शेवटच्या पावसात भरून ठेवायची मध्यम टाकी चौथऱ्याखाली बसते. तेवढ्यावर सगळी बाग नाही जगणार, रोपं जगतील.

सी-३०२ वहिनी: छप्पर ठीक. पण आत काय होणार? श्रावणात जाखडी नाचाचा सराव करायला पोरं पार्किंगमध्ये भिजत नाचतात. शिमग्याला नमन. मे महिन्यात मुंबईची नातवंडं येतात, त्यांचं शिबिर. बाकी वर्षभर अभ्यासिका. आणि बायकांचं शौचालय बाहेरून उघडणारं हवं. वास्तूला कुलूप लागलं की त्यालाही कुलूप, असं नको.

ए-३०३: चौथऱ्याला रॅम्प पण. माझी आई व्हीलचेअरवर असते. एकाला बारा उतार लिहा, नाहीतर घसरगुंडी करून ठेवतील.

बी-२०४: आणि ती बकुळ तोडणार नाहीत ना?

सचिव: ती अट पहिली घालतो. शिवाय विकास आराखड्यात ही जागा बागेसाठी राखीव असेल, तर तिथे बांधकामाला किती मुभा आहे आणि सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) हद्द कुठून जाते, हे लेखी मागू. नाहीतर निम्मं काम झाल्यावर कोणीतरी कोर्टात जाणार.

सी-१०२: ताट्या दर वर्षी बांधणार-सोडणार कोण? खरी गोम तिथे आहे.

सी-३०२ वहिनी: बचत गटाला द्या ना काम. मेअखेरीस बांधणं, दसऱ्यानंतर सोडून त्याच खोलीत रचणं. ठराविक मोबदला. फुकट सेवा म्हटलं की दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही.

ए-१०१ काका: देखभालीची रक्कम बांधकामाच्या खर्चातच वेगळी दाखवा. मुद्दा क्रमांक एक हाच करा, बकुळ दोनवर.

बी-२०४: 😤

सचिव: दोन्ही एकावर घालतो. कच्चं पत्र उद्या टाकतो, रविवारी संध्याकाळी लिफ्टपाशी सह्या. बी-२०४, एसी लिहीत नाही, पंखे लिहितोय.

बी-२०४: पंखे तरी गंजणारे नकोत, तेवढं लिहा.