लासे व्हिरेनवरील रक्त-डोपिंगचा संशय: त्याला आधार नेमका कशाचा?

अनवाणी:

1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमधील दहा हजार मीटरची अंतिम शर्यत मी नुकतीच पुन्हा एकदा सलग पाहिली. बाराव्या फेरीत फिनलंडचा लासे व्हिरेन अडखळून पडतो, ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी त्याच्यावरून कोलमडतो, आणि काही क्षणांतच व्हिरेन उठून, कपडेही न झटकता, पुढे गेलेल्या घोळक्याच्या मागे लागतो. शर्यत तर तो जिंकतोच, शिवाय 27 मिनिटे 38.4 सेकंदांचा विश्वविक्रमही करतो. पुढे पाच हजार मीटरचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले, आणि चार वर्षांनी मॉन्ट्रियलमध्ये त्याने ही दोन्ही पदके राखली. मधल्या वर्षांत मात्र 1974 च्या युरोपीय स्पर्धेतील पाच हजार मीटरचे कांस्यपदक सोडले, तर त्याच्या नावावर फारसे काही दिसत नाही.

‘फक्त ऑलिम्पिकलाच फुलणारा धावपटू’ हे वर्णन एके काळी कौतुकाने केले जाई; पुढे तेच आरोपाच्या सुरात होऊ लागले. स्वतःचेच रक्त आधी काढून साठवायचे आणि शर्यतीच्या तोंडावर परत शरीरात चढवायचे, हा प्रकार त्याने केला असावा, असे अनेकांनी सुचवले. त्याने ते सतत नाकारले. मला विचारायचे आहे ते असे, की या संशयाला वेळापत्रकापलीकडे काही आधार आहे का, आणि 1972 साली हे तांत्रिकदृष्ट्या खरोखर शक्य होते का?

लाल पिशवी:

मी बरीच वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दलच बोलतो. शक्य होते, पण लोक समजतात तितके सोपे नव्हते.

साठवलेल्या रक्ताची पिशवी शीतकपाटात काही तास न हलवता ठेवली, की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. धावपटूला हवा असतो तो तळाचा भाग, कारण ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम त्याच पेशी करतात. अडचण वेळेची असते. दोन पिशव्या रक्त काढल्यावर अस्थिमज्जेला ती तूट भरून काढायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, कधी अधिकही. आणि त्या काळात प्रचलित असलेल्या परिरक्षक द्रावणांत, नुसत्या थंडाव्यात, रक्त जेमतेम तीन आठवडे वापरण्याजोगे राहत असे. म्हणजे शरीर पूर्ववत होण्याआधीच पिशवी बाद व्हायची. फायदा पदरात पाडून घ्यायचा, तर पेशी ग्लिसरॉल घालून गोठवाव्या लागत, आणि चढवण्यापूर्वी ते ग्लिसरॉल टप्प्याटप्प्याने धुऊन काढावे लागे. धुण्यात घाई केली, तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. वरच्या पाण्याला लालसर झाक आली, की समजायचे, काम बिघडले. हे स्वयंपाकघरात उरकण्याचे काम नव्हे. त्याला यंत्रणा लागते, प्रशिक्षित माणसे लागतात, आणि माणसे आली की गुपित फुटण्याची शक्यताही आली. गोठवण्याचे तंत्र मात्र 1972 च्या आधीपासून उपलब्ध होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ब्योर्न एकब्लोम यांनी रक्त काढून परत चढवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता सुमारे 9 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. पुढे 1980 मध्ये कॅनडात नॉर्मन ग्लेडहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तम तयारीच्या धावपटूंवर, गोठवलेले रक्त वापरून, अधिक काटेकोर प्रयोग केला. त्यात वाढ 5 टक्क्यांच्या आसपास भरली. आकडा लहान वाटतो, पण दहा हजार मीटरमध्ये पहिल्या आणि आठव्या धावपटूतले अंतर बहुधा याहून कमीच असते.

शंकासुर:

तंत्रज्ञ महोदयांनी गुपिताचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण हे गुपित फुटलेच होते. फिनलंडच्याच कार्लो मानिंकाने 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटरचे रौप्य आणि पाच हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, आणि पुढच्याच वर्षी आपण रक्त चढवून घेतल्याचे जाहीरपणे सांगितले. तेव्हा त्यावर बंदी नसल्याने त्याची पदके कायम राहिली. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला मार्टी वाइनियो दहा हजार मीटरमध्ये दुसरा आला आणि मेटेनोलोन या स्टेरॉइडसाठी पकडला गेला. काही महिने आधी काढून ठेवलेल्या रक्तात ते औषध राहिले होते आणि रक्त परत चढवताना तेही शरीरात आले, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे बरेच चर्चेत राहिले. एकाच देशात, एकाच क्रीडाप्रकारात, दहा-बारा वर्षांच्या टप्प्यात इतके घडत असेल, तर कुठेतरी पाणी मुरत होते असे म्हणणे म्हणजे चिखलफेक नव्हे.

जुने घड्याळ:

शंकासुर यांनी सांगितलेल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत. पण मानिंकाने जे स्वतःबद्दल सांगितले, ते व्हिरेनच्या खात्यावर लिहिता येत नाही. संघातील कोणी केले, देशातील कोणाला ते तंत्र ठाऊक होते, त्या अर्थी यानेही केले असणार, हा बादरायण संबंध आहे. त्यातून शक्यता सिद्ध होते, कृती नव्हे.

‘फक्त ऑलिम्पिकलाच फुलणारा’ हे विधानही तपासून पाहावे. म्युनिकच्या आधी, ऑगस्ट 1972 मध्ये, त्याने स्टॉकहोमला दोन मैलांचा विश्वविक्रम 8 मिनिटे 14 सेकंदांवर आणला होता. म्युनिकची पाच हजार मीटरची अंतिम शर्यत 10 सप्टेंबरला झाली, आणि 14 सप्टेंबरला हेलसिंकीत त्याने त्याच अंतराचा 13 मिनिटे 16.4 सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणजे तो बहर एका शर्यतीचा नव्हता, किमान महिनाभराचा होता. आता चढवलेल्या पेशी कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे यातून तो निर्दोष ठरत नाही, हे मलाही मान्य आहे; पण ज्या वेळापत्रकावर सारा आरोप उभा आहे, ते सांगितले जाते तितके नेमके नाही, एवढे तरी कबूल करायला हवे. मधल्या दुष्काळाला साधी कारणेही आहेत. त्याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि प्रशिक्षक रोल्फ हाइकोला यांची सारी आखणीच ऑलिम्पिकच्या उन्हाळ्याभोवती बेतलेली असे. मॉन्ट्रियलमध्ये तर पाच हजार मीटर जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मॅरेथॉन धावला आणि 2 तास 13 मिनिटे 11 सेकंदांत पाचवा आला. ही शर्यत दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या बाजूने पुराव्यादाखल मांडतात, यावरून तिची पुरावा म्हणून किंमत काय ते ठरवावे.

रक्तावरून माणूस ओळखताना किती मोठी चूक होऊ शकते, याचे उदाहरणही फिनलंडमध्येच आहे. एरो मँटिरांता हा धावपटू नव्हे, स्कीपटू. 1964 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये इन्सब्रुकला त्याने दोन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्याचे हिमोग्लोबिन इतके चढे होते, की लोकांनी कुजबुज सुरू केली. 1993 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या कुटुंबात, तांबड्या पेशी बनवण्याचा इशारा देणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा इशारा पकडणाऱ्या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकातच बदल असून, त्यामुळे त्यांच्या शरीरात जन्मतःच तांबड्या पेशी अधिक तयार होतात. निदान रक्ताबाबतच्या संशयापुरता तो सुटला. पण तोवर तीस वर्षे होत आली होती.

लाल पिशवी:

मँटिरांताचा दाखला समर्पक आहे. एका आकड्यावरून कोणाला पकडू नये, हे आताची पद्धतही मानते. 2009 पासून वापरात असलेल्या खेळाडूंच्या जैविक पारपत्रात माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागील नोंदींशी होते. त्यातले एक गणित सांगतो, म्हणजे कल्पना येईल. लिटरमागे ग्रॅममध्ये मोजलेल्या हिमोग्लोबिनमधून, नवजात तांबड्या पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची साठपट वजा करायची. एखाद्याचे हिमोग्लोबिन 150 आणि नवजात पेशी 1 टक्का असतील, तर उत्तर येते 90. त्यालाच बाहेरून पेशी चढवल्या, तर हिमोग्लोबिन समजा 165 झाले. आता पेशी पुरेशा आहेत असे समजून मूत्रपिंडाकडून अस्थिमज्जेला मिळणारा इशारा मंदावतो, नवजात पेशी 0.4 टक्क्यावर येतात, आणि उत्तर जाते 127 च्या घरात. मँटिरांतासारख्या माणसात हिमोग्लोबिन कायमच चढे, पण ते असे वर-खाली उड्या मारत नाही. चुगली करतो तो हा चढउतार. शिकागो आणि लंडन मॅरेथॉन जिंकलेली रशियाची लिलिया शोबुखोवा 2014 मध्ये याच पारपत्रातील विसंगतीवरून दोषी ठरली.

शंकासुर:

चढउतार शोधायला नोंदी लागतात, हे पटले. तरीही जो प्रकार नियमबाह्यच नव्हता, तो इतक्या आवर्जून का नाकारायचा, हा माझा प्रश्न उरतो.

जुने घड्याळ:

केलाच नसेल म्हणून, हे एक साधे उत्तर आहे. आणि केला असेल तर, नियमात नसले तरी लोकांना ते रुचणार नाही हे कळत होते म्हणून. बंदी आली तीही लॉस एंजेलिसला अमेरिकी सायकलपटूंनी रक्त चढवून घेतल्याचे उघड होऊन गदारोळ झाल्यानंतर, म्हणजे 1980 च्या दशकाच्या मध्यात. नकारातून तुम्ही दोषही काढू शकता आणि निर्दोषपणाही. मी काहीच काढत नाही.

अनवाणी:

सर्वांचे आभार. वेळापत्रकाबाबत माझी समजूत ऐकीव होती, हेलसिंकीतील विक्रम मला ठाऊक नव्हता. एक शेवटची शंका: त्या काळातील नमुने कुठे जपलेले असतील, तर आज त्यांची फेरतपासणी होऊ शकेल का?

लाल पिशवी:

नाही. म्युनिक आणि मॉन्ट्रियलला खेळाडूंची लघवी तपासली जाई, आणि तीही उत्तेजक औषधांसाठी. स्टेरॉइडची तपासणी तर मॉन्ट्रियललाच पहिल्यांदा झाली. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंचे रक्त पहिल्यांदा घेतले गेले ते 1994 साली लिलहॅमरच्या हिवाळी स्पर्धेत. शिवाय रक्त जपले असते तरी, स्वतःचेच रक्त परत चढवलेले थेट ओळखणारी सर्वमान्य चाचणी आजही नाही. दुसऱ्याचे रक्त असेल, तर पेशींवरील गटांच्या खुणांवरून ते कळते, आपल्या पेशी मात्र आपल्यासारख्याच दिसतात.