अनुभव धागा : ब्रिटनमधील नदीकाठच्या आणि जुन्या रेल्वेमार्गांवरील सहकुटुंब पदभ्रमंती

मागच्या मे महिन्यात सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे मँचेस्टरला आले, तेव्हा सासूबाईंचा दुखरा गुडघा, सासऱ्यांचा उत्साह आणि आमच्या चौदा महिन्यांच्या कन्येची बाबागाडी या तिन्ही गोष्टींना एकाच दिवशी झेपेल अशी वाट शोधणे हे माझ्यापुढचे मोठे कोडे होते. डोंगर शक्य नव्हता आणि बागेत फिरून सासऱ्यांचे समाधान झाले नसते. शेवटी आम्ही डर्बीशरमधल्या मोन्साल ट्रेलवर गेलो आणि त्या एका दिवसामुळे हा धागा काढावासा वाटला.

ही वाट म्हणजे मिडलँड रेल्वेचा जुना मार्ग आहे. तो १८६३ साली सुरू झाला, १९६८ साली बंद पडला, आणि रूळ उचलल्यानंतर १९८१ पासून तिथे चालण्याची वाट झाली. बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत ती साधारण साडेतेरा किलोमीटर भरते, परंतु आम्ही मिलर्स डेल स्टेशनपासून मोन्सालच्या पुलापर्यंतचा साडेचार-पाच किलोमीटरांचाच टप्पा निवडला. सासरे रेल्वेतून परमनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे रूळमार्गाची देखरेख करणारे अधिकारी, म्हणून निवृत्त झालेले असल्याने ते पायांखालच्या खडीकडे आणि दोन्ही बाजूंच्या भरावाकडे पाहत चालले होते. थोड्या वेळाने थांबून त्यांनी, "हा चढ वन इन हंड्रेडच्या आसपासचा असणार, म्हणजे शंभर फुटांत एक फूट; आपला बोरघाट वन इन थर्टी सेव्हन," असे जाहीर केले. बोरघाटातला मार्गही १८६३ सालीच खुला झाला, ही आठवण त्यांनी लगेच जोडली आणि पुढचा अर्धा तास खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनातच, म्हणजे गाडी दिशा उलटी करून घाट चढे त्या ठिकाणीच, गेला. जुन्या रेल्वेमार्गावर म्हाताऱ्या माणसांना आणि बाबागाडीला सोपे का जाते, याचे उत्तर त्यांच्या त्या आकड्यात आहे: वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून बांधणाऱ्यांनी टेकडी आडवी आली की बोगदा खणला आणि दरी आली की पूल बांधला. त्यांच्या त्या खर्चाचा लाभ आज सासूबाईंच्या गुडघ्याला मिळतो.

लिटन आणि क्रेसब्रुक हे दोन्ही बोगदे जवळपास अर्ध्या किलोमीटरचे आहेत, आणि त्यांत शिरताच मे महिन्यातही अंगावर शाल घ्यावी लागली. कन्येला स्वतःच्या ओरडण्याचा प्रतिध्वनी सापडल्यावर तिला तिथून बाहेर काढणे कठीण झाले. दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर काही वेळातच पाच कमानींचा पूल येतो आणि वाय नदी खूप खाली वळण घेताना दिसते. हा मार्ग झाला तेव्हा इंग्रज लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी दरीची नासाडी झाली म्हणून कडाडून टीका केली होती. आज तोच पूल संरक्षित वास्तू आहे आणि लोक त्याच्याच छायाचित्रांसाठी येतात. आम्ही कठड्याला टेकून धपाटे खाल्ले.

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुनर्रचनेवरील १९६३च्या बीचिंग अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली, त्यामुळे अशा वाटा देशभर विखुरलेल्या आहेत. नदीकाठच्या वाटा तर त्याहून जुन्या आहेत. आपण कोणाला घेऊन गेलात, काय जमले आणि कुठे फसगत झाली, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

रेडिंगहून

नदीकाठची वाट सपाट असते म्हणून ती सोपी असते, हा गैरसमज मी टेम्सच्या काठी मोडून घेतला आहे. टेम्स पाथ हा १९९६ साली अधिकृतपणे खुला झालेला लांब पल्ल्याचा मार्ग असून उगमापासून लंडनपर्यंत १८४ मैल जातो. आम्ही त्यातला मार्लो ते बोर्न एंड हा पाचेक किलोमीटरांचा तुकडा चालतो. याचे मोठे सुख असे की रेल्वेची एक छोटी शाखा या दोन गावांना अजून जोडते. त्यामुळे गाडी बोर्न एंडला ठेवून मार्लोपर्यंत ट्रेनने जाता येते आणि मग नदीच्या प्रवाहाबरोबर चालत परत येता येते. आल्या वाटेनेच परतण्याचा कंटाळा मुलांना येत नाही.

पण वाटेत कुरणे आहेत, कुरणांत गुरे चरत असतात, आणि एका वेळी एकच माणूस आत घेणारी फाटके लागतात, जिथे बाबागाडी घडी करून डोक्यावरून पलीकडे द्यावी लागते. फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा वाट कुठे संपते आणि टेम्स कुठे सुरू होते हे कळत नव्हते. धाकट्याचा एक गमबूट चिखलातच राहिला आणि तो हुडकताना माझा हात कोपरापर्यंत गेला.

सांगलीहून आलेल्या आईचे निरीक्षण मात्र मला आजवर कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. कृष्णेच्या काठी वाढलेली ती पूर्ण वाट गप्प होती आणि शेवटी म्हणाली, "एवढी नदी, पण घाट कुठे नाही. पाण्यात पाय सोडायचे कुठे?" तेव्हापासून दर खेपेला मी काठाला पाय सोडून बसण्याजोगी जागा शोधतो, आणि दोन सापडल्या आहेत.

लँकेस्टरहून

पक्षाघातानंतर माझे यजमान चाकाच्या खुर्चीत आहेत, त्यामुळे आमच्या दृष्टीने वाटेची प्रत म्हणजे तिचा पृष्ठभाग. लेक डिस्ट्रिक्टमधील केसिक ते थ्रेलकेल्ड हा तीन मैलांचा जुना रेल्वेमार्ग त्या कसोटीला पूर्ण उतरतो. तो १९७२ साली बंद झाला आणि पुढे चालण्याची वाट म्हणून लोकप्रिय झाला, परंतु डिसेंबर २०१५च्या डेस्मंड वादळात ग्रेटा नदीने त्यावरचे पूल वाहून नेले आणि पाच वर्षे ही वाट तुटलेली राहिली. २०२०च्या डिसेंबरात ती पुन्हा जोडली गेली, आणि त्या कामात रस्तेबांधणीच्या वेळी पूर्वी बुजवून टाकलेला एक बोगदाही उकरून काढण्यात आला.

या नव्या वाटेवर डांबर घालण्यास तेव्हा बराच विरोध झाला होता. निसर्गात डांबर नको, ही भावना मला समजते. मात्र ज्यांनी भुसभुशीत खडीतून खुर्ची ढकलली आहे, त्यांनाच खांदे कसे भरून येतात हे माहीत असते. केसिककडून निघाल्यास जाताना अगदी हलका चढ लागतो आणि येताना उतार, म्हणून दमलेले हात परतीला सुटतात. वाट नदीला पुन्हा पुन्हा ओलांडते. प्रत्येक पुलावर यजमानांनी खुर्चीचा ब्रेक स्वतः लावला आणि खाली पाहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. तिथे घाई करणाऱ्याचे काम नाही.

बर्मिंगहॅमहून

कॉर्नवॉलमधील कॅमल ट्रेलचे नाव ऐकून आमची पाच वर्षांची मुलगी उंट पाहायचा म्हणून तयार झाली होती. उंट नाही, हे नदीचे नाव आहे आणि ते कॉर्निश भाषेतल्या 'वाकडी' अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे, हे समजावल्यावरही तिने एक मैल नाराजीतच काढला. वेडब्रिज ते पॅडस्टो हा सुमारे साडेपाच मैलांचा भाग खाडीला लागून जातो. जाताना ओहोटी होती आणि सगळीकडे वाळू होती. दुपारी परतताना तिथेच पाणी भरले होते, तेव्हा तिला नाराजीचा विसर पडला. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघावे, एवढेच सुचवतो. सायकली पुष्कळ असतात, म्हणून मुलांना डाव्या कडेला ठेवावे.

ब्रिस्टलहून

मी थोडा विरोधी सूर लावतो. रेल्वेमार्ग सरळ असतो, दोन्ही बाजूंना झाडी माजलेली असते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तासाभरानंतर तो एका लांबलचक बोळासारखा वाटतो. आमच्या चिरंजिवांनी तसे स्पष्ट सांगितले.

बाथचा टू टनेल्स मार्ग त्याला अपवाद ठरला. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचा हा मार्ग १९६६ साली बंद झाला आणि २०१३ साली पादचारी व सायकलस्वारांसाठी उघडला. त्यातला कूम डाउन बोगदा १,६७२ मीटर लांबीचा आहे. याला हवा बाहेर जाण्यासाठी एकही उभी विहीर नव्हती, आणि १९२९ साली एका मालगाडीचे इंजिन चालवणारे कर्मचारी आतल्या धुराने बेशुद्ध झाले, गाडी उतारावरून बेफाम सुटली आणि बाथच्या मालधक्क्यात उलटली. तिघांचा जीव गेला. ही हकिगत मी बोगद्याच्या मध्यावर सांगितली, तेव्हा चिरंजिवांनी कानातले इअरफोन काढले आणि किती मिनिटे लागली असतील, उतार किती असेल, असे विचारत तो उरलेला बोगदा माझ्याबरोबर चालला. पलीकडे टकिंग मिलच्या पुलावर ऊन होते. आम्ही मिडफर्डपर्यंत जाऊन परत फिरलो.

कार्डिफहून

आमची फसगत आमच्याच अज्ञानाने झाली. वाय व्हॅली ग्रीनवे या जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेवरचा टिडनम बोगदा २०२१ साली खुला झाल्याचे वाचून आम्ही ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत दोन कुटुंबे, पाच मुले आणि इडल्यांचा मोठा डबा घेऊन गेलो, तर फाटकाला कुलूप. आत घोड्याच्या नालासारख्या नाकाची छोटी वटवाघळे हिवाळा काढतात, म्हणून बोगदा ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत बंद असतो. मुलांनी फाटकाच्या गजांना नाक लावून अंधारात वटवाघूळ दिसते का हे वीस मिनिटे पाहिले, आणि त्यांच्या लेखी तीच सहल झाली. नंतर आम्ही टिंटर्नच्या जुन्या स्टेशनावर गेलो. तिथे फलाटाशेजारी मोकळी हिरवळ आहे आणि नदी जवळ आहे. इडल्या तिथे संपल्या. (ही वाय आणि धाग्याच्या सुरुवातीची वाय या वेगळ्या नद्या आहेत, याची नवख्यांनी नोंद घ्यावी; आमच्या एका स्नेह्याने नकाशात डर्बीशरचा पत्ता घातला होता.)

पुन्हा मँचेस्टरहून

कार्डिफचा अनुभव वाचून मोन्सालचे बोगदेही हिवाळ्यात बंद असतात का, अशी विचारणा झाली म्हणून लिहिते. मोन्सालचे बोगदे २०११ पासून खुले आहेत, मात्र आतले दिवे दिवसाउजेडीच चालू असतात. डिसेंबरात लवकर अंधारते, तेव्हा विजेरी जवळ असावी. दरीत मोबाइलची रेंजही भरवशाची नाही, त्यामुळे वाहनतळाचे पैसे फोनवरून भरण्याच्या भरवशावर राहू नये; आम्ही सुट्टी नाणी गोळा करताना शेवटी सासूबाईंची पर्स उपडी केली आणि तिच्यात पौंडांच्या दुप्पट रुपये निघाले.